सव्वाचार फॅटचं दूध

आमची मैसूरची कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्राम लिहिते. जुना प्रोग्राम मी डेल्फी भाषेत लिहिला, त्याला बावीस वर्षं झाली. तो आता नव्या भाषेत लिहायचं ठरलं. डेल्फीखेरीज मला काही येत नव्हतं. बावन्नाव्या वर्षी घरी बसायची वेळ आली, असंच मी धरून चालले.

आमच्याकडच्या तरुण चिराग शेट्टीला रस्ट भाषा हवी होती, त्याच्याबरोबरच्या प्रमीलाला पायथन. दोघं आठवडाभर भांडले. शेवटी आमचे मालक श्रीकंठय्या म्हणाले, "तोंडची वाफ पुरे. दुधाची फॅट नोंदवायचं काम दोघांनी आपापल्या भाषेत लिहा. मग तुम्ही गप्प बसायचं आणि नागवेणींनी त्यात बदल करायचा."

"मी कशाला?"

"बिघडलं की केंद्रवाले फोन कोणाला करतात?"

चिरागचा प्रोग्राम वाऱ्यासारखा पळायचा, पण मला हात लावू देईना. काही बदललं की चुका काढायचा.

"अक्का, तो तुमच्या भल्यासाठीच सांगतोय," चिराग म्हणाला.

"माझी सासूही हेच म्हणायची."

प्रमीलाची पायथन मात्र मला चक्क वाचता आली. दुसऱ्या कॉफीच्या आत बदल झाला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मग सवयीनं मी ४.२५ फॅट घालून पाहिली. एकच दशांश ठेवून पडद्यावर ४.२ आलं.

"प्रमीला, इथे ४.३ हवं."

"अक्का, बरोबर अर्ध्यावर असलं की पायथन सम आकड्याकडे जाते. नियम आहे तो."

"असेल. मद्दूरकडच्या बायका तो मानत नाहीत, त्यांना दुधाचे पैसे फॅटवर मिळतात."

डेल्फीही तेच करायची. बावीस वर्षांपूर्वी तिथल्याच जयम्मानं दुधाची किटली माझ्या पायाशी आदळून गावासमोर माझी हजेरी घेतली होती. त्याच दुपारी केंद्रात बसून मी ती ओळ दुरुस्त केली.

चिरागनं आपल्याकडे ४.२५ घातलं. त्याचंही ४.२ आलं.

श्रीकंठय्या हसले. "पायथन घेऊ, सगळ्यांना वाचता येते. नागवेणी, उद्या या दोघांना घेऊन जयम्माकडे जा. भाषा हे तुम्हाला शिकवतील, दूध तुम्ही यांना शिकवा."

सत्तरीच्या जयम्मानं आम्हाला ताक दिलं. मग चिरागकडे बघून म्हणाली, "नवी भाषा आणताय म्हणे. आमचं सव्वाचार तिच्यात किती होतं रे?"

"४.३, अज्जी," दोघं एकदमच म्हणाले.

मी ताक संपवून आणखी मागितलं. निवृत्तीला अजून आठ वर्षं होती, आणि पायथन शिकायला तेवढी पुष्कळ होती.