मखमलीवरची रेघ

दादाचा हात थरथरतो, हे ऑफिसात एकट्या धाकटीला ठाऊक होतं. घरी वहिनीला ठाऊक होतं, पण वहिनी कशाला बोलते! नवऱ्याची नोकरी त्या हातावरच तर होती.

काम काय, तर पडद्यांना पोत देणं. फोन असो की दुकानातला मोठा पडदा, काच ती काचच. पण बोट लावलं की ती पाण्यासारखी हलावी, धुकं धरलेल्या खिडकीसारखी पुसली जावी, असले उद्योग ही दोघं भावंडं करत. यंदा मखमल होती. बोट फिरवलं की लव आडवी पडायची आणि मागे गडद रेघ उमटायची, थेट खऱ्या कापडासारखी. मखमल सगळी धाकटीची. डोळ्यांची वाट लावून घेऊन तिने त्या लवेला वाकायला शिकवलं होतं. गिऱ्हाइकापुढे बोट मात्र दादाचं. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तो अशी रेघ ओढायचा की बघणाऱ्याने बघतच राहावं.

हात बिघडल्यावर धाकटीने प्रोग्रॅममध्ये गुपचूप एक सोय करून ठेवली. थरथर गाळायची, रेघ सरळ करायची. दोघं तिला इस्त्री म्हणत. दादाची अब्रू त्या इस्त्रीवर तगून होती, आणि या पठ्ठ्याला त्याची जाण नावाला नाही! "रंगबिंग आमची धाकटी निवडते," असं चारचौघांत सांगायचा.

एका मोठ्या कंपनीची बाई मखमल बघायला येणार होती. पसंत पडली की साहेब नव्या विभागाचा प्रमुख नेमणार होते. सकाळी धाकटीने दादाला बाजूला घेतलं.

"आज साहेबांना सांगशील? मखमल माझी आहे म्हणून. एवढंच."

"आणि मी काय करतो म्हणून सांगू? माश्या मारतो?" दादा हसला. "तुला चार लोकांत बोलता तरी येतं का गं? गप बस."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जागेवर गेली आणि तिने इस्त्री बंद केली. पडू दे एकदाचा तोंडघशी, कळू दे कुणाच्या जिवावर उड्या मारतो ते!

सगळे जमले. दादाने ऐटीत बाही सारली आणि बोट टेकवलं. रेघ निघाली ती वेडीवाकडी. लव इकडे पडली, तिकडे पडली, आजूबाजूची मखमलही शहारत गेली. दादा पांढराफटक पडला. त्याने धाकटीकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. खोटं कशाला बोला, तिला गारगार वाटलं.

"अगं बाई!" पाहुणी खुर्चीतून उठलीच. "हे तर जिवंत आहे! जनावराला हात लावल्यावर अंग थरारतं ना, तसं! आम्हाला हेच हवं. सुचलं कुणाला?"

"हिला," दादा कसाबसा म्हणाला. "सगळं हिचंच आहे. मी नुसता बोट फिरवतो."

धाकटी प्रमुख झाली. कुणीही बोट फिरवलं तरी हाच थरकाप उमटला पाहिजे, असं साहेबांनी फर्मावलं. इतरांनी हात हलवून पाहिला, पण ते सोंग लगेच ओळखू यायचं. शेवटी दादाच्या हाताचं दुखणं साहेबांना सांगावंच लागलं, आणि त्याला रोज पडद्यापुढे बसवून त्याच्या रेघा नोंदवायच्या ठरल्या. नोंदी झाल्या की त्याला घरी पाठवायचा, हे साहेबांनी धाकटीला एकटीला सांगितलं. तिने मान डोलावली.

गुपित फुटलंच होतं, म्हणून दादा डॉक्टरकडे गेला आणि गोळ्या सुरू झाल्या. एका सकाळी तो लहान पोरासारखा नाचत आला. "बघ, बघ!" त्याने मखमलीवर बोट फिरवलं. इस्त्रीशिवाय रेघ सरळ आली. "आता मी पुन्हा गिऱ्हाइकांपुढे उभा राहीन, काय?"

धाकटीने रेघ पाहिली, मग घड्याळ पाहिलं.

"नोंदी अपुऱ्या आहेत, दादा. पुऱ्या होईपर्यंत गोळी घेऊ नकोस."

"अगं, डॉक्टर म्हणतात..."

"प्रमुख कोण आहे?"

दोन दिवसांनी दादा आला तो शर्टाची बटणं वरखाली लावून. पडद्यापुढे बसला आणि बोट टेकवलं. मखमल शहारली.

"छान," धाकटी म्हणाली. "आणखी एकदा."