उन्हाचं रुखवत

चैत्रातलं ऊन. पिवळंधमक, खणखणीत, निर्मळ ऊन. मेढेवस्तीवर ते एके काळी सकाळी सातला उतरे आणि दिवेलागणीपर्यंत हलत नसे. मग वस्तीचं शहर झालं. झालं कसलं, दहा वर्षांत फुगलं मेलं, सोडा जास्त पडलेल्या भज्यासारखं!

पहिल्या वर्षी ज्वारीच्या रानात लोखंडी सळया उगवल्या. तिसऱ्या वर्षी सातमजली सावली आली, पाचव्या वर्षी चौदामजली. शुभ्रधवल, काचनेत्री, गगनगर्विष्ठ इमारती. आणि नावं बघा, ‘सूर्यदर्शन’, ‘रविकिरण’! हौसाबाईच्या अंगणात सूर्य आधी दहाला येऊ लागला, मग अकराला. यंदा येतच नाही म्हणा ना.

आणि यंदाच तिच्या तेजलचं लग्न. लेकीच्या रुखवतात आईच्या हातच्या कुरडया नाहीत, तर आई कसली? तीन दिवस गहू भिजवून तिनं चीक काढला, पहाटे शिजवला, सोऱ्यानं कुरडया घातल्या. शुभ्र, जाळीदार, चंद्राच्या खळ्यासारख्या. दिवसभर कडक ऊन मिळालं तर ठीक, नाही तर सगळं आंबणार.

बाज ओढत ती उन्हामागे धावली. अंगणातून बोळात, बोळातून रस्त्यावर, रस्त्यावरून ‘सूर्यदर्शन’च्या फाटकाशी. वर गच्चीवर ऊन नुसतं सांडत होतं. इथेच अकराव्या मजल्यावर तेजलचं होणारं सासर.

“गच्चीवर वाळवण चालत नाही, मावशी,” वॉचमन म्हणाला.

“का रे बाबा? ऊन काय सोसायटीनं विकत आणलंय?”

त्यानं वर फोन लावून दिला. विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, “नियम आहे हो. विकतच्या आणा की, कोण बघतंय?”

संध्याकाळी कुरडयांना आंबूस वास सुटला. हौसाबाई रडली नाही, संतापली. सगळ्या उकिरड्यावर फेकल्या आणि हात खसाखसा धुतले.

लग्नात रुखवत मांडलं. लाडू, करंज्या, चिरोटे. आणि मधोमध रिकामी पितळी परात, घासून लख्ख केलेली.

“हे काय ठेवलंय, विहीणबाई?” वरमाईनं विचारलं.

“ऊन,” हौसाबाई म्हणाली. “आमच्याकडे पुष्कळ होतं. तुमच्या बिल्डिंगीनं खाल्लं. उरलं तेवढं लेकीला दिलं.”

तेजलनं मान खाली घातली.

आठवड्यानं, सकाळी नऊला, हौसाबाईच्या अंधारल्या अंगणात एक कवडसा पडला. तिनं वर पाहिलं. अकराव्या मजल्यावर, बाल्कनीत, लेक परात धरून उभी होती. परात उन्हाकडे तिरकी, आईकडे वळवलेली.

“आता यात काय वाळवू, डोंबल?” हौसाबाई ओरडली, आणि डोळ्यांना पदर लावून मटकन खाली बसली.

कवडसा हलत होता. पिवळा, थरथरता, एका कुरडईपुरता.