डावी बाजू

घरात सगळ्यांत धाकटा म्हणून त्याला बारक्या म्हणायचे, आणि पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं तरी तो बारक्याच राहिला. त्याचा जीव होता बाबांच्या जुन्या गाडीत. बायको म्हणायची, मला ताप आला तर गोळी घे म्हणतोस, गाडीला शिंक आली की रजा टाकतोस. खोटं नव्हतं ते.

गाडी बाहेरून नुसती चकाचक. पण खड्ड्यातून जाताना खालून करकर ऐकू यायला लागली, तशी त्याने ती मेस्त्रीकडे नेली. मेस्त्रीने गाडी वर उचलली, चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, दोन्ही लांब दांड्यांवर हातोडीने टकटक केली आणि तोंड वाकडं केलं. या दांड्या आतून पोकळ. आत पाणी शिरतं, बसून राहतं, आणि गंज आतल्या आत पत्रा खातो. तिथे हात जात नाही, ब्रश तर नाहीच नाही. मेस्त्रीने वायरला लावलेला बारीक कॅमेरा आत सरकवला आणि बारक्याला पडद्यापाशी बोलावलं.

उजव्या दांडीची आतून चाळण झाली होती. डावी मात्र ठणठणीत, आत सगळीकडे मेणाचा पिवळसर थर. मेस्त्री चाटच पडला. डाव्या दांडीला खालून ओळीने भोकं होती, प्रत्येकात रबराचं बूच. कुणा जाणत्याचं काम आहे, तो म्हणाला. भोक पाडून, नळी घालून, आत मेण फवारायचं, याशिवाय इथे इलाजच नसतो. मग त्याने सहज विचारलं, "अर्ध्यावर का सोडलं हो त्याने?"

त्याने सोडलं नव्हतं. त्याला सोडायला लावलं होतं.

तो जाणता म्हणजे भाऊजी, ताईचे यजमान. कारखान्यात फिटर, मोजकं बोलणारा माणूस. बाबा गेले त्या वर्षी एकदा ताई आणि भाऊजी राहायला आले होते. बारक्या बाहेरून आला, तर भाऊजी गाडीखाली, हातात ड्रिल मशीन. डावीकडचं आटोपून उजवीकडे पहिलंच भोक पाडत होते. बाबांच्या गाडीला भोकं! बारक्याच्या डोक्यात तिडीकच गेली. भाऊजी सांगायला लागले, तर याने ऐकून घ्यावं ना! "तुमच्या बापाची आहे का गाडी?" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा तो ओरडला. भाऊजींनी मशीनची वायर गुंडाळली आणि दोघं निघून गेली. ताईने पुन्हा या घराचा उंबरा ओलांडला नाही. बारक्याही अडून बसला. चूक त्यांची, येतील झक मारत, असं म्हणता म्हणता त्याचेच केस पिकले.

गाडी मेस्त्रीकडेच टाकून तो तडक ताईकडे गेला. दार भाऊजींनीच उघडलं. क्षणभर निरखून पाहिलं, हसले, आत नेऊन बसवलं, आणि पहिला प्रश्न काय विचारावा, तर उजवी बाजू टिकली का? बारक्याला रडूच फुटलं. त्यांचे दोन्ही हात धरून तो चुकलो, चुकलो एवढंच म्हणत राहिला. भाऊजींनाच अवघडल्यासारखं झालं. अरे, सोड ते, म्हणाले, मी कधीच विसरलो. मला तरी कुठे सुचलं होतं? तुझ्या ताईनेच मागे लागून करायला लावलं, बारक्याचा जीव आहे त्या गाडीत म्हणून.

ताई आतल्या दारात उभी होती. भाऊजी इतक्या सहज विरघळले, तेव्हा बारक्याला वाटलं, संपलं एकदाचं.

"ताई, घरी चल ना."

"ह्यांनी सोडून दिलं, बारक्या. ते ह्यांचं नि तुझं." ताईचा आवाज शांत होता. "मी त्या दिवशी फाटकापाशी थांबले होते. ह्यांना म्हटलं, जरा थांबा, माझा भाऊ आहे, राग उतरला की येईल मागोमाग. अंधार पडला तरी थांबले. तू कुठे होतास?"

बारक्या तेव्हा गाडीखाली होता, उजवीकडचं ते एक भोक बोटाने चाचपत. फाटकाकडे त्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

जेवून जा, ताई म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. जेवताना त्याला आग्रहाने वाढलंही. घरी येईन असं मात्र ती शेवटपर्यंत म्हणाली नाही.