दाराबाहेरचे बूट

दुकानदाराने काउंटरखालून एक मोजा काढला, झटकला आणि ऋचापुढे धरला. दीनानाथ दोन पावलं मागे सरकले. मोजा कधीकाळी पांढरा असावा. आता त्याच्या रंगाला नाव देणं कठीण होतं, आणि आत कुणाचाही पाय नसताना तो पायासारखाच ताठ उभा होता.

"ट्राय के लिए है, अंकलजी. सबका इसी में हो जाता है."

"तेच तर," दीनानाथ पुटपुटले. मग सुनेकडे वळून म्हणाले, "ऋचा, खबरदार तो पायात घातलास तर."

"बाबा, दो मिनट की तो बात है."

"दोन मिनिटांत काय काय चिकटतं ते तुला माहीत नाही. भैया, नया मोजा निकालो. जो लगता है लगाओ, बस यह सामने से हटाओ."

दुकानदार हसला. लखनौच्या लालबागमधल्या त्या गल्लीत मोटरसायकलचं सामान विकता विकता त्याने नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, त्यांत आणखी एक. त्याने नव्या मोज्यांचं पाकीट फोडलं आणि जुना मोजा परत काउंटरखाली टाकला. तो उद्या पुन्हा कुणाच्या तरी पायात जाणार, या विचाराने दीनानाथांच्या अंगावर शहारा आला.

घाणीशी त्यांचं उभ्या जन्माचं वैर होतं. मूळचे सांगलीचे दीनानाथ मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत चिकटले, तिथूनच निवृत्त झाले आणि जवळच फ्लॅट घेऊन राहिले. पण इतक्या वर्षांत लखनौच्या भिंतींवरच्या गुटख्याच्या पिचकाऱ्यांची त्यांना सवय काही झाली नाही. आजही येताना हुसैनगंजच्या चौकात बसमधून कुणीतरी मान बाहेर काढून थुंकलं होतं, आणि त्याचे लाल शिंतोडे त्यांच्या पँटच्या गुडघ्यावर उडाले होते. तो गुडघा ते तेव्हापासून स्वतःचा नसल्यासारखा बाजूला धरून उभे होते.

सुनेच्या मागे मोटरसायकलवर बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. ऋचा वाढली लखनौतच. तिचे वडील बँकेत होते. मराठी तिला सगळं समजे, पण उत्तर यायचं ते हिंदीतच. एका खाजगी डेअरीत ती पर्यवेक्षक होती. सरोजिनी नगर ओलांडून कानपूर रस्त्यालगतच्या गावांत जायचं, दूध संकलन केंद्रं तपासायची, गोठ्यांतून हिंडायचं, असं तिचं काम होतं. सकाळी सातला बाहेर पडायची ती दिवेलागणीला परत. तिच्या कापडी बुटांत दूध झिरपे, वर शेण बसे आणि दिवसभराच्या उन्हात त्याचं जे काही होई ते संध्याकाळी जिना चढून घरी येई. म्हणून घरातला नियम असा होता की, बाकीची पादत्राणं दारामागच्या मांडणीत आणि ऋचाची दाराबाहेर, वर्तमानपत्रावर. नियम दीनानाथांचाच. तिने कधी हूं का चूं केलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एका केंद्राच्या ओल्या फरशीवर ती घसरली आणि गाडी घोट्यावर पडली. हाड वाचलं ते नशीब. तेव्हापासून बूट घ्यायचं घोळत होतं, आणि आज सकाळी चहा पिताना दीनानाथ एकदम म्हणाले होते, "मी येतो तुझ्याबरोबर."

ती चकित झाली होती. त्यांना बुटांत कसली गोडी? त्यांना तिच्याशी बोलायचं होतं, आणि ते घरात बोलता येण्यासारखं नव्हतं.

चहाच्या आधीच प्रसादचा, त्यांच्या मुलाचा फोन आला होता. तो दीड वर्षापूर्वी पुण्याला नोकरीसाठी म्हणून गेला आणि तिथे सलोनी नावाच्या बाईबरोबर राहू लागला. बायकोला त्याने ते सांगितलंसुद्धा नाही. तिला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आता त्याची बदली परत लखनौला झाली होती.

"महिन्याअखेर आम्ही दोघं येतोय, बाबा. ऋचाला सांगा, तिने तिची सोय बघावी. कोर्टाचं काय ते होईल सावकाश."

"तिची आई नागपूरला भावाच्या दारात पडली आहे. ही कुठे जाणार?"

"तो आता आपला प्रश्न आहे का?"

"मग तूच सांग तिला."

"मी बोललो की तमाशा होतो. तुमचं ऐकते ती."

दाण्यांच्या मुठीत एखादा खवट दाणा यावा आणि मग कितीही चुळा भरल्या तरी जिभेवरून जाऊ नये, तशी त्या शेवटच्या वाक्याची चव दीनानाथांच्या तोंडात सकाळपासून होती. पण मुलगा तो मुलगा, घर उद्या त्याचंच, आणि ही पोर आज ना उद्या जाणारच, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. वाटेत सांगून टाकू, असं मनाशी म्हणाले होते. आता चारबाग स्टेशनसमोरच्या हॉर्नांच्या कल्लोळात, हेल्मेटमधून, पुढे बसलेल्या बाईला कुणी घर सोड म्हणून सांगतं का? पिचकारी मात्र अंगावर आली.

दुकानदाराने पहिला जोड काढला तो गुडघ्यापर्यंतचा, जागोजागी प्लॅस्टिकच्या ढाली ठोकलेला. तो घालून ऋचा चार पावलं चालली. बूट करकरले आणि तिचे घोटे वाकेचनात.

"एकदम राइडर लुक है, मैडम."

"लुक घालायचाय का गोठ्यात?" दीनानाथ म्हणाले. "भैया, इसको दिनभर चलना है. बैठके फोटो नहीं खिंचवाना."

दुसरा जोड आला तो पुढे पोलादी टोपी असलेला. ऋचाने बाहेर जाऊन गाडीवर बसून पाहिलं. डावा पाय गिअरखाली शिरेना, शिरला तर दांडा लागतोय की नाही ते कळेना. तिसऱ्या जोडाला गुलाबी पट्टी होती आणि दुकानदार तो खास लेडीज म्हणून सांगत होता. त्याचा तळवा दीनानाथांनी लांबूनच पाहिला. तो इतका गुळगुळीत होता की ओल्या फरशीवर माणूस थेट इस्पितळात. बाईमाणसासाठी बनवायचं म्हटलं की या लोकांना रंग सुचतो, पकड सुचत नाही. दीनानाथांचं डोकं तापलं. नोकरीत असताना रुळाची साधी क्लिप त्यांनी हजार वेळा दाबल्या-वाकवल्याशिवाय पास केली नव्हती, आणि इथे माणसाचा पाय चमकदार खोक्यात कोंबून विकायला काढला होता.

शेवटी दोन जोड उरले. दोन्ही घोट्यावर चढणारे, दोन्हींच्या डाव्या चवड्यावर गिअरसाठी जाड चामड्याचा तुकडा शिवलेला, तळवे खोल खाचांचे. पहिला मऊ चामड्याचा होता. दुसरा रबरासारख्या कसल्याशा कापडाचा.

"अंकलजी, अंगूठे से दबाके देख लीजिए, आगे जगह है कि नहीं."

दीनानाथांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "तुम दबाओ."

मग त्यांनी तिला दुकानाच्या जिन्यावर चढा-उतरायला लावलं. पाय दिवसभरात फुगतात, तेव्हा थकलेल्या पायांनीच बूट पारखायचा असतो, असं त्यांचं मत होतं. ऋचा निमूटपणे वरखाली करत राहिली. जिन्याच्या कोपऱ्यात कुणीतरी पान थुंकलेलं होतं. दीनानाथांनी तिकडे पाठ केली. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. हीच वेळ होती.

"ऋचा, प्रसादचा फोन आला होता."

तिचं पाऊल पायरीवर थांबलं, मग पुढे पडलं. "अच्छा. क्या बोल रहे थे?"

दीनानाथांनी तोंड उघडलं. तो खवट दाणा पुन्हा जिभेवर आला.

"तब्येत विचारत होता."

"आपकी?"

"हं."

ती खाली आली, बाकावर बसून नाडी सोडू लागली. दीनानाथांना स्वतःचीच शिसारी आली. पोराला खोटं बोलायची सवय कुठून लागली, असं ते लोकांना विचारत असत.

"दूसरा वाला ले लेती हूँ," ऋचा म्हणाली.

"का? पायाला कुठला बरा वाटतो?"

"आराम तो पहले में है. एड़ी में बिल्कुल नहीं लगता. लेकिन चमड़ा है ना बाबा, दूध पी जाएगा. हफ्ते भर में महकने लगेगा. ये वाला नल के नीचे धुल जाता है."

"आणि हा चावतो कुठे?"

"थोड़ा सा. टखने पर." तिने मागच्या महिन्यात सुजलेल्या घोट्यावरून हात फिरवला. "आदत पड़ जाएगी. आपको बास नहीं आनी चाहिए. तीन-चार साल तो चल ही जाएँगे."

तीन-चार साल. दीनानाथ तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिले.

गेल्या वर्षी त्यांना डेंग्यू झाला तेव्हा एका पहाटे अंथरुणातच सगळं झालं होतं. वरूनही आणि खालूनही. लाजेने त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. प्रसाद व्हिडिओ कॉलवर होता. पडद्यावर चादर दिसताच त्याने "शी!" म्हणून तोंड फिरवलं आणि नर्स बघा म्हणाला. ऋचाने फोन उपडा ठेवला, बाह्या सारल्या, चादर गोळा केली, बादलीत कोमट पाणी आणलं आणि लहान मूल पुसावं तसं त्यांना पुसलं. नाकाला रुमाल लावला नाही. उलट पुसता पुसता दुधाच्या फॅटचं काहीतरी सांगत होती, म्हणजे त्यांनी तिकडे लक्ष द्यावं.

आणि ती बाई आता त्यांच्या नाकासाठी चावणारा बूट घेत होती.

"पहिला घे," दीनानाथ म्हणाले.

"बाबा, सच में बहुत महकेगा."

"मी सांगतो ना. भैया, चमड़ेवाला बाँधो."

दुसऱ्या दिवशी ऋचा नवे बूट घालून सातला गेली. दीनानाथांनी दिवसभर काही खास केलं नाही. पेपर वाचला, वरणभाताचा कुकर लावला. दुपारी मांडणीसमोर खुर्ची घेऊन बराच वेळ बसून राहिले. मांडणीच्या वरच्या फळीवर प्रसादचे काळे बूट होते, शेजारी त्याचे खेळाचे. दीड वर्ष दीनानाथ ते काळे बूट दर रविवारी हातात वर्तमानपत्र गुंडाळून पुसत आले होते. आला की लागतील म्हणून. बुटांवर धुळीचा कण नव्हता.

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. ऋचा आली, रोजच्यासारखी दाराबाहेरच थांबली, वाकून नाड्या सोडल्या.

"चावले का?"

"ज़रा भी नहीं," ती म्हणाली, आणि दिवसभराच्या थकव्यातूनही हसली. "आज पहली बार पैर याद ही नहीं आए. पर बाबा, आप इधर मत आइए. एक जगह पूरा केन उलट गया मेरे ऊपर."

बूट वर्तमानपत्रावर ठेवून ती थेट अंघोळीला गेली.

दीनानाथांनी दार उघडलं. वास भपकन आला. नासलेलं दूध, शेण, घाम, आणि खाली नव्या चामड्याचा. ते मागे फिरले, मांडणीपाशी गेले आणि प्रसादचे काळे बूट उचलले. कागद न गुंडाळता, उघड्या हातांनी. मग खेळाचे. सगळे बाहेर नेऊन ऋचाच्या बुटांशेजारी वर्तमानपत्रावर ठेवले.

ते ठेवत असतानाच खिशातला फोन वाजला.

"बाबा, बोललात का?"

"तुझे बूट दाराबाहेर काढून ठेवलेत," दीनानाथ म्हणाले. "येऊन घेऊन जा."

"बूट? बूट काय? मी ऋचाबद्दल विचारतोय."

"मीही तेच सांगतोय."

पलीकडून काहीतरी मोठ्याने बोलणं सुरू झालं. दीनानाथांनी ते थोडं ऐकलं आणि फोन बंद केला. मग स्वयंपाकघरात जाऊन हात धुतले. साबण लावून, नखांतून, कोपरापर्यंत, दोनदा. पंच्याला स्वच्छ पुसले.

आणि त्या धुतलेल्या हातांनी बाहेर येऊन त्यांनी ऋचाचे बूट उचलले. डाव्याच्या खाचेतलं शेण अंगठ्याला लागलं. गिअरच्या तुकड्यावर एका दिवसातच पहिला ओरखडा उठला होता. श्वास कोंडून धरत त्यांनी ते आत आणले आणि मांडणीच्या वरच्या फळीवर, मोकळ्या झालेल्या जागी, नीट जोडून ठेवले.

ऋचा केस पुसत बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. तिने मांडणीकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे, बाहेर मांडलेल्या काळ्या बुटांकडे.

"बाबा," ती म्हणाली, "बास आएगी. पूरे घर में."

"येऊ दे," दीनानाथ नाक मुरडत म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.