डबा संपल्याचा फोन

वर्गाच्या खिडकीकडे जायचं नाही, असं सकाळीच ठरलं होतं. तरी नम्रता पुन्हा उठली आणि शालनने तिची ओढणी धरून तिला बाकावर खाली बसवलं.

"तो रडून राहिला असेल ताई."

"रडत असता तर ऐकू आलं असतं. आवाज काय कमी आहे का त्याचा?"

नम्रताला हसू आलं नाही. तिचा अवधूत सात वर्षांचा होता. तो बोलत नसे, आणि घाबरला की पळत सुटे. समोर रस्ता आहे की विहीर, हे त्याला दिसत नसे. अकोल्याहून पुण्याला, धायरीत राहायला आल्यापासून तो दोनदा असा निसटला होता, आणि दुसऱ्या वेळी तर एका टँकरवाल्याने कचकन ब्रेक मारला म्हणून वाचला. तेव्हापासून शाळेत नम्रता वर्गात त्याच्या शेजारी बसायची. एवढ्याशा मुलांच्या बाकड्यात गुडघे दुमडून बसायची, बे एके बेसुद्धा त्यांच्याबरोबर म्हणायची. आज पहिल्यांदा ती दाराबाहेर बसली होती.

तिला बाहेर काढणं हे शालनचं काम. अशा मुलांच्या नव्या पालकांना सोबत करायला एका संस्थेने काही जुन्या आयांना शाळाशाळांतून नेमलं होतं आणि त्यांना 'पालक-सोबती' असं भारदस्त नाव दिलं होतं. शालन स्वतःची ओळख साधी करून द्यायची. मी शिक्षिका नाही, डॉक्टर नाही, तुमच्याच रांगेत बऱ्याच आधी उभी राहिलेली बाई आहे, असं म्हणायची. तिची आनंदी आता एकवीस वर्षांची होती. बुद्धीने सात-आठ वर्षांच्या मुलीएवढी, पण बिबवेवाडीच्या कार्यशाळेत रोज कागदी पिशव्या चिकटवायला जायची, एकटी. व्हॅन घरून न्यायची, घरी सोडायची.

"सोडल्याशिवाय सुटत नाही," शालन सगळ्या आयांना सांगायची. "मी सोडलं. आता मागे वळूनसुद्धा बघत नाही."

आणि याचा पुरावा तिच्याजवळ होता. मधल्या सुट्टीच्या सुमाराला रोज आनंदीचा फोन यायचा. शालन तो स्पीकरवर लावायची, आणि बाकावरच्या घाबरलेल्या बाईला फोनमधून एक जाड, खुशीतला आवाज ऐकू यायचा, "आई, डबा संपला." बस्स, एवढंच. पण तेवढ्या तीन शब्दांनी कितीतरी आयांचे डोळे भरून आले होते. आपलंही पोर एक दिवस असा फोन करील, या आशेवर त्या दुसऱ्या दिवशी परत बाकावर येऊन बसायच्या.

"आता येईल बघा आनंदीचा फोन," शालन म्हणाली आणि मोबाईल दोघींच्या मध्ये ठेवला.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं डबे घेऊन बाहेर आली, अवधूत मात्र बाईंजवळ आतच थांबला. पोरं खाऊन, हात धुऊन परत आत गेली. फोन आला नाही.

शालनने सहज म्हणून घड्याळ बघितलं. मग सहज म्हणून मोबाईलची रेंज बघितली. मग आनंदीला फोन लावला. घंटी वाजत राहिली आणि बंद झाली. कार्यशाळेच्या निकिताबाईंना लावला, त्यांनीही उचलला नाही. व्हॅनवाल्या संपतचा बंद.

मन चिंती ते वैरी न चिंती. आनंदीला लहानपणी फिट यायच्या, गेली कित्येक वर्षं आल्या नव्हत्या, पण डॉक्टरांनी 'कधीच येणार नाहीत' असं काही लिहून दिलं नव्हतं. शिवाय कार्यशाळेचं फाटक रस्त्यावर उघडतं. शिवाय संपत गावाला जाणार होता आणि त्याच्या जागी दुसरा कोणी येणार होता, त्याचं तोंडही शालनने बघितलेलं नव्हतं. कोणी हात धरला तर त्याच्याबरोबर हसत चालू लागणारी एकवीस वर्षांची मुलगी. यापुढचं शालनने मनात येऊ दिलं नाही, तरी ते आलंच.  

पण शेजारी नम्रता बसली होती, म्हणून शालन हसली. "कामात असेल," ती म्हणाली, आणि पुन्हा आनंदीला फोन लावला. नुसतीच घंटी वाजली, तेव्हा तिने मोबाईल मांडीखाली दाबला.

नम्रता बराच वेळ तिच्याकडे बघत होती. भीती म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"ताई, गाडी आहे माझ्याजवळ. चला."

"अहो, तुम्ही कुठे? अवधूत..."

"तुमचं लक्ष ठिकाणावर नाही राहिलं. एकट्या कशा जाल?"

ती उठली. फाटकाशी मात्र थांबली. शिपाई मच्छिंद्रने फाटकाची कडी आतून लावून दाखवली, कुलूप ओढून दाखवलं आणि म्हणाला, "ताई, मी हाय हितं. उंदीरबी जात न्हाई भाईर." नम्रताने वर्गाच्या दिशेने एकदा बघितलं, आणि गाडी सुरू केली.

नवले पुलावरून गाडी कात्रजकडे निघाली. शालन मागे बसून देवाला एकेक गोष्ट देऊ करत होती. आधी उपास, मग गोड सोडणं. बिबवेवाडीच्या चौकापर्यंत तिने बरंच काही सोडलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. पण भीतीपुढे लाजसुद्धा टिकेना.

कार्यशाळेत लाऊडस्पीकर चालू होता. फाटकाला फुगे बांधले होते. कुणा गृहस्थाच्या वडिलांची पंचाहत्तरी होती, आणि त्यानिमित्त त्याने सगळ्या मुलांना पुलाव-जिलबीचं जेवण घातलं होतं. हॉलमध्ये पंगत नुकतीच उठली होती. निकिताबाईंचा फोन ऑफिसात होता; संपत अजून गावाला गेलाच नव्हता, त्याचा बंद पडलेला फोन चार्जिंगला होता. आनंदी मधोमध उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिच्या हनुवटीवर पाक लागला होता.

शालन सरळ हॉलमध्ये शिरली.

"तू का आलीस?" आनंदीने कपाळाला आठ्या घातल्या. "आई-बाबांनी आत नाही यायचं."

हा नियम पालकसभेत शालननेच आग्रहाने करून घेतला होता.

"फोन का नाही केलास, आनंदी?"

"डबा कुठे संपलाय?"

कोपऱ्यात पिशव्यांच्या ढिगाऱ्यात तिची डब्याची पिशवी होती. फोन हरवू नये म्हणून तो डब्याच्या पिशवीतच ठेवायचा, आणि डबा संपला की काढून एक नंबरचं बटण दाबायचं. हे शालननेच तिला शिकवलं होतं. महिनोन् महिने घोटून घेतलं होतं. आनंदीने त्यात कणभरही चूक केली नव्हती. डबा उघडलाच नव्हता, मग फोन कसला?

"बरं," शालन म्हणाली. "चांगलं केलंस."

आनंदीने तिला दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं.

परतताना नम्रता गाडी जरा जास्तच जोरात चालवत होती. आता घाबरायची पाळी तिची होती. शाळेचं फाटक दिसताच तिने गाडी कशीबशी स्टँडवर लावली आणि ती धावली. वर्ग शांत होता. अवधूत बाकड्यावर बसून पेन्सिलीचं टोक जिभेला लावून बघत होता.

"दोन येळा दारापाशी आलतं," मच्छिंद्र सांगू लागला. "बाक बघितलं. कोन न्हाई म्हनल्यावर गेलं परत आत."

"रडला?"

"न्हाई की."

 नम्रता बाकावर बसली आणि तिने ओढणीने डोळे पुसले. हे सुखाचं की कसलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. 

तेवढ्यात मोबाईल वाजला. सवयीने शालनने स्पीकर लावला.

"आई, डबा संपला."

"अगं, तू तर जेवली होतीस. जिलबी खाल्लीस ना?"

"हो."

"मग डबा कशाला खाल्लास परत?"

पलीकडे आनंदी जोरजोरात श्वास घेत होती.  "पोट दुखतंय. पण सगळा संपवला. भाजी पण. आता तू घाबरू नको."

फोन बंद झाला. शालन मोबाईलकडे बघत राहिली. इतकी वर्षं हा फोन बाकावरच्या आयांसाठी येतो, असं तिला वाटत आलं होतं. तो कुणासाठी येतो हे घरात एकट्या आनंदीलाच कळलं होतं, आणि तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्या रात्री शालनने लेकीला ओवा दिला, तिच्या पोटावर हात फिरवत बसली आणि सांगितलं, उद्यापासून फोन करायचा नाही. करावासा वाटला तरच करायचा.

"तू घाबरशील," आनंदी म्हणाली.

"घाबरेन," शालन म्हणाली. "पण तू डबा भूक असेल तेवढाच खा."

दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली आणि संपली. शालनचा मोबाईल तिच्या मांडीवर पालथा पडला होता. तिची नजर फाटकाकडे होती. नम्रता किराणा आणायला म्हणून बाहेर गेली होती. ती परत आली, मोबाईलकडे बघितलं, शालनच्या तोंडाकडे बघितलं. मग पिशवी खाली ठेवून ती शेजारी टेकली आणि शालन उठायला लागली तेव्हा तिने तिचा पदर धरला.

"बसा ताई," ती म्हणाली.