काच म्हणून मोजलेला डबा

टेनेसीच्या डोंगरातल्या त्या प्रयोगशाळेत न्यूट्रॉनच्या झोताची पाळी मिळावी म्हणून भलेभले ताटकळत. डेलिया हॅस्केटला ती मिळाली होती. नव्या काचेतले अणू कसे बसतात हे तिनं संगणकावर मांडलं होतं. खऱ्या काचेवरून विखुरलेल्या न्यूट्रॉनच्या आलेखाची रेघ संगणकाच्या रेघेशी जुळली, तरच तिच्या नोकरीची मुदत वाढणार होती.

जुळली नाही. तिची रेघ संथ लाटेसारखी. प्रयोगाची भाल्यांच्या रांगेसारखी.

"निसर्ग चुकत नसतो, डेलिया. तुझं मॉडेल चुकलंय," तिचे साहेब डॉक्टर प्रूइट म्हणाले.

"पण अशी टोकं धातूला येतात, डॉक्टर, त्याचे अणू रांगेत बसतात म्हणून. काचेला कुठली?"

"तीच तर गंमत! काचेत दडलेली शिस्त सापडली आपल्याला."

मग साहेबांनी मॉडेलचे कान पिळायला घेतले. हा आकडा वाढव, तो घटव. बिचारं मॉडेल शेवटी कबूल झालं आणि दोन्ही रेघा जुळ्या बहिणींसारख्या दिसू लागल्या. साहेबांनी डोनट मागवले.

डेलियाचा ईस्टरपूर्वीचा उपवास होता, गोड वर्ज्य. तोंड बांधून नुसतं बसण्यापेक्षा आवराआवर करावी म्हणून ती उठली. बघते तर काचेची भुकटी भरलेला डबा कपाटात जसाच्या तसा, आणि झोतासमोर रिकामा अॅल्युमिनियमचा डबा!

रीत अशी की आधी रिकामा डबा मोजायचा, मग भरलेला, आणि पहिला दुसऱ्यातून वजा करायचा. साहेबांनी घाईघाईत पहिलंच मोजमाप काचेचं म्हणून उचललं होतं.

"डॉक्टर, आपण काच डब्याशी जुळवली."

साहेबांचा घास हातातच राहिला. "कुणाला बोललीस?"

"नाही अजून."

"मग बोलू नकोस. उद्या काम तपासायला समिती येतेय. जुळतंय ना? तुझी नोकरी पक्की."

डेलियानं डबा बदलला आणि झोताची पाळी संपेपर्यंत खरी काच मोजली. रेघ संथ आली, एका वळणावर थोडी घसरलेली. बाकी तिच्या टाकून दिलेल्या पहिल्या मॉडेलवर बसणारी.

समितीपुढं तिनं दोन्ही मोजमापांची चित्रं मॉडेलच्या रेघांसकट लावली. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "ही टोकदार रेघ कशाची?"

"रिकाम्या डब्याची, मॅडम."

"आणि काचेचं मॉडेल तिच्याशी जुळलं?"

प्रूइट लगबगीनं उठले. "हेच आमच्या मॉडेलचं सामर्थ्य! ते कशाशीही जुळतं."

"त्याचीच तर भीती वाटते," बाई म्हणाल्या. "या मुलीला ठेवून घ्या, डॉक्टर. आणि तिच्या मॉडेलला पुन्हा हात लावू नका."