पाऊण इंच

मास्तरांचा अपघात कसा झाला, हे सांगायची वेळ आली की त्यांची बायको विषय बदलते. ब्रेक निकामी झाला नव्हता, रस्ता निसरडा नव्हता, समोरून कुणी झिंगून आलं नव्हतं. मास्तर मोटारसायकलवरून एका गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला निघाले होते. फुटपाथवरून एक अनोळखी माणूस चालला होता आणि त्याच्या पॅन्टची डावी मोहरी उजवीपेक्षा खाली आली होती. आता कुणाची मोहरी कुठवर यावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला हे कोण सांगणार? मास्तर मान वळवून बघत राहिले. शेवटी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरनेच त्यांना थांबवलं. कोटाला साधी सुरकुती पडली नाही. मास्तरांचं डाव्या मांडीचं हाड मात्र दोन ठिकाणी मोडलं.

दवाखान्यात हाडात सळई घातली. शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी पहिली चौकशी पायाची केली असेल, असं कुणाला वाटेल. त्यांनी अंगातल्या झग्याची शिवण चिमटीत धरली आणि विचारलं, "हे कुठल्या गाढवाने शिवलंय?" बायकोला हायसं वाटलं. माणूस ठिकाणावर होता.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाच्या ओळखीत असाच पाय मोडलेला एक माणूस होता आणि तो हमखास वाईट अवस्थेत होता. एकाचा पाय कापावा लागला होता, एक कायमचा अंथरुणाला खिळला होता. धीर द्यायला आलेली ही मंडळी निघताना "काळजी करू नका" म्हणायला विसरत नसत. मास्तर त्यांच्या तोंडावर त्यांच्या शर्टांच्या कॉलरना नावं ठेवत. पण एका दुपारी सगळे गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून रडले. कापणीचं काम उभ्याने करायचं असतं. टेबलापाशी उभं राहता आलं नाही, तर मास्तरांनी करायचं काय?

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेतलं. "डावा पाय पाऊण इंच आखूड राहील. घाबरण्यासारखं काही नाही, डाव्या बुटाला तेवढा जाड तळ लावला की झालं. मात्र तो लावाच, नाहीतर कंबर कामातून जाईल. त्यांना जरा सांभाळून सांगा."

सांभाळून सांगायचं म्हणजे काय, हे ती दुकानातच शिकली होती. दुकानात माणसं तीन. मास्तर कापणार, धाकटा दीर मशीनवर शिवणार आणि ती काज-बटण, तुरपाई करणार. नियम मात्र एकच: गिऱ्हाइकाचं व्यंग कापडात जिरवायचं आणि गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही. कुणाचा खांदा उतरलेला, कुणाच्या पाठीला पोक. मास्तर माप घेताना चकार शब्द काढत नसत. कात्री चालवताना एका बाजूला अर्धा इंच सोडत, दुसऱ्या बाजूला पाव इंच खात, आणि गिऱ्हाईक आरशासमोर छाती काढून उभं राही. झाकली मूठ सव्वा लाखाची. अर्ध्या गावाच्या मुठी या दुकानाने झाकल्या होत्या.

तेव्हा बायकोला जे यायचं, ते तिने केलं. मास्तर घरी यायच्या आधी तिने त्यांच्या सहाही पॅन्टींची डावी मोहरी उसवली, पाऊण इंच वर घेतली आणि बारीक टाक्यांनी तुरपून टाकली.

घरी आल्यावर मास्तर कुबडी टेकत आरशासमोर उभे राहिले. दोन्ही मोहऱ्या बुटावर अगदी बरोबरीने टेकल्या होत्या. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि महिनाभरात पहिल्यांदा हसले. ते हसू पाहून बायकोच्या घशाशी आलेले शब्द पुन्हा पोटात गेले. उद्या सांगू, ती मनाशी म्हणाली. तो उद्या चार महिने आला नाही.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी स्वतःच पायाचा विषय काढला, तर मास्तर त्यांच्यावरच उखडले. "पाऊण इंच म्हणजे किती, हे मला शिकवू नका. माझी मोहरी बघा. कापड खोटं बोलत नाही, डॉक्टर."

ते खरंच होतं. कापड बिचारं कशाला खोटं बोलेल? तुरपाई करणारी बोलते. ती शेजारच्या खुर्चीवर बसून छतावरचा पंखा बघत होती.

जाड तळाचा बूट आला नाही. मास्तर मोठ्या दिमाखात दुकानात परतले आणि पंधरा मिनिटांत स्टुलावर बसले. कंबर धरली होती. मग नाचता येईना अंगण वाकडं, असा कार्यक्रम सुरू झाला. आधी फरशी उंचसखल ठरली. मग टेबल बुटकं ठरलं, त्याच्या पायांखाली विटा ठेवल्या. मग दिराच्या मशीनचा आवाज कमरेत जातो असं निघालं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही एका बाजूला झुकता." मास्तरांनी तिला तिच्या कुर्त्याची एक बाही लांब असल्याचं सांगितलं. ती पुढच्या खेपेला आलीच नाही.

बायको रोज सांगायचं ठरवायची आणि रोज त्यांना आरशासमोर पॅन्ट चापून बघताना पाहायची. आपलेच दात, आपलेच ओठ. स्वतःचा तिला इतका राग यायचा की काज करताना सुई बोटात घुसायची.

शेवटी एका सकाळी मास्तरांनी एका वकिलांच्या कोटाचं भारी कापड टेबलावर पसरलं. कात्री अर्ध्यावर आली आणि कमरेत कळ आली. हात ओढला गेला. खडूची रेघ एकीकडे राहिली आणि कात्री भलतीकडे गेली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. मास्तर ओरडले नाहीत, फरशीला बोलले नाहीत. त्यांनी कात्री मुठीच्या बाजूने भावापुढे धरली.

"घे. आजपासून तू काप."

"दादा, असं काय करतोस?"

"पाय बरोबर आहे, मोहरी बरोबर आहे. मग दुखतंय काय? मीच संपलोय. सरळ हिशेब आहे."

बायकोने दातातला दोरा तोडला. ती उठली आणि त्यांच्या पायाशी बसली.

"अहो, हलू नका जरा."

तिने ब्लेडने डाव्या मोहरीचे टाके एकेक करून उसवले. दुमडलेलं कापड सुटलं आणि बुटावरून घसरून फरशीला लागलं. उजवी मोहरी होती तिथेच होती.

"पाऊण इंच," ती म्हणाली. "सहाही पॅन्टींना. मीच केलं. डॉक्टर खरं बोलत होते. तुम्ही संपला नाहीत, तुमचा पाय आखूड आहे."

दिराने घाईघाईने मशीन चालू केलं. सुईखाली कापड नव्हतं, तरी तो जोरात शिवत राहिला.

मास्तरांनी आधी उजवी मोहरी पाहिली, मग लोंबती डावी. त्यांचे कान लाल झाले होते. "किती दिवस?"

"चार महिने."

"चार महिने मी गावभर सांगत सुटलो." त्यांचा आवाज चिरकला. "डॉक्टरला शिकवलं मी. आणि तू पंखा बघत होतीस."

"हो."

"दुकानाचा नियम काय आहे?"

"गिऱ्हाइकाला कळता कामा नये."

"मग आज मोडलास कशाला? गिऱ्हाईक तुटलं म्हणजे?"

"गिऱ्हाईक चाललंच होतं," ती म्हणाली. "म्हणून मोडला." आणि इतक्या महिन्यांचं साचलेलं रडू तिला तिथेच, त्यांच्या पायाशी बसल्या बसल्या आलं.

मास्तरांनी तिला रडू दिलं. मग गळ्यातला टेप काढून तिच्यापुढे धरला, बूट काढले आणि अनवाणी, ताठ उभे राहिले. गिऱ्हाईक उभं राहतं तसे.

"माप घे. ए, ते रिकामं मशीन बंद कर आणि वही काढ. बूटवाल्याला माप पाठवायचंय."

तिने कमरेपासून टेप सोडला. "उजवा, एकोणचाळीस."

दिराने लिहिलं. ती डावीकडे वळली, टेप जमिनीला टेकवला आणि आकडा नुसता पुटपुटली. असले आकडे मोठ्याने म्हणायची सवय कुणाला होती?

"काय?" दिराने विचारलं.

मास्तरांनीच दाराकडे तोंड केलं आणि रस्त्यावरच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "डावा, सव्वा अडतीस!"